आई-पप्पा, मी बाळूच्या लग्नाला जाते आहे

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभूच्या नावात सलाम.

पप्पा, पाकीट तुम्हीच फोडाल, आईला मोठ्याने वाचून दाखवाल आणि मधले परिच्छेद खोकल्याच्या निमित्ताने गाळाल. या वेळी गाळू नका. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आहे, दुपारी तुम्ही पडलात की ती स्वतः वाचणारच.

तिकीट काढलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बॉस्टनला चालले आहे, माझ्या भावाच्या, बाळूच्या लग्नाला. विचारायला लिहीत नाही, सांगायला लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर "बरं, ठेवतो" म्हणून तुम्ही ठेवला असता, म्हणून हा कागद.

आधी तुमची व्यवस्था सांगते, कारण रात्री झोप उडते ती त्यानेच. मागच्या वर्षी पप्पांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी एवढी लांब गेलेले नाही. पुण्याहून नगर म्हणजे तीन तासांत दारात. बॉस्टनहून तसं येता येणार नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त टोचतं आहे. म्हणून महिनाअखेरीपर्यंतचं सगळं लावून ठेवलं आहे. डबा सकाळी अकराला येईल, भाकरी ज्वारीचीच, तेल कमी सांगितलं आहे. आई, त्या डब्याला नावं ठेवत स्वतः ओट्यापाशी उभी राहू नकोस, तुझा गुडघा मला माहीत आहे. इन्व्हर्टरमध्ये पाणी भरून घेतलं आहे. मागच्या खोलीवरचा पत्रा पावसाआधी बदलून होईल, पैसे दिलेत, त्याला परत देऊ नका. इन्सुलिनची न फोडलेली पेनं फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात. वर बर्फाजवळ अजिबात नाहीत. पप्पा, मागच्या वेळी तुम्ही ती कोथिंबिरीच्या पिशवीत कोंबली होतीत आणि आईने ती पिशवी तशीच शेजारच्या काकूंना दिली. काकू बिचाऱ्या धावत परत आल्या.

आमचे हे इथेच आहेत, दर शनिवारी नगरला येतील. जावई म्हणून ताटकळू नका त्यांच्यासाठी, भाजी आणायला पाठवा.

आता बाळूचं, आणि तो एका पुरुषाशी लग्न करतो आहे त्याचं.

"शास्त्रात स्पष्ट आहे, विषय संपला," हे तुमचं नाताळातलं वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. तुमचीच मुलगी, त्यामुळे शास्त्र उघडूनच बसले. पप्पा, ते सगळीकडे सारखं स्पष्ट नाही.

देवाने नाश केलेल्या सदोम नगराचा दाखला तर कृपा करून देऊ नका. तिथली माणसं दाराशी आलेल्या पाहुण्यांवर जबरदस्ती करायला जमली होती. त्याचा आणि बाळूचा काय संबंध? आणि सदोमचा अधर्म कोणता हे यहेज्केलाच्या 16 व्या अध्यायात लिहिलेलंच आहे: गर्व, पोटभर अन्न, सुखाची सुस्ती, आणि दीनदुबळ्याला हात दिला नाही. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण यादी सुरू कुठून होते ते बघा.

लेवीयचं वचन, 18 व्या अध्यायातलं, पुरुषाने पुरुषाशी संग करू नये हे, मला पाठ आहे. त्यावर लोक कोळंबीचा विनोद करतात: 11 व्या अध्यायाप्रमाणे खवले नसलेलं ते सगळं निषिद्ध, मग ती कशी खाता? (तुम्ही तर वसईहून सासूबाईंनी पाठवलेली दोनदा वाढून घेता.) तो विनोद मी करणार नाही. त्याच 18 व्या अध्यायात रक्ताच्या नात्यातल्या संबंधांची मनाई आहे आणि ती आपण आजही मानतो. नुसतं जुन्या करारातलं म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि रोमकरांसच्या पहिल्या अध्यायापाशी मी खरंच अडले. पुरुषांच्या आपसांतल्या संबंधांबद्दल पौल तिथे आडपडदा ठेवत नाही. एक बाजू म्हणते, त्याच्यासमोर मूर्तिपूजेत बुडालेलं रोमन जग होतं, गुलामांवर नि पोरांवर होणारी जबरदस्ती होती. एकमेकांना जन्मभर सांभाळणारी दोन माणसं त्याला माहीतच नव्हती. दुसरी बाजू, म्हणजे तुमची, म्हणते की तो निर्मितीकडेच बोट दाखवतो आहे, नर आणि नारी, आणि मत्तयच्या 19 व्या अध्यायात प्रभूनेही तेच सांगितलं. पप्पा, या मुद्द्यात दम आहे. तुम्ही द्वेषाने बोलत नाही, हे मी बाळूलाही सांगितलं आहे.

पण मत्तय 19 उघडलंच आहे तर पूर्ण वाचू. तिथे प्रश्न आलाय तो सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा. आणि त्यावर प्रभू जे म्हणाला त्यापेक्षा कडक त्या अध्यायात काही नाही. तरी आत्याच्या दुसऱ्या लग्नात शास्त्रपाठ कोणी वाचला? तुम्ही. पहिल्या घरी तिचं काय झालं ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, आणि तुम्ही म्हणालात, देवाने माणसाला एकटं राहायला केलेलं नाही. उत्पत्तीचा दुसरा अध्याय तेव्हा तुम्हीच काढून दाखवलात. तेव्हा कोणी म्हटलं नाही की पप्पांनी शास्त्र सोडलं.

बाळूने एकटं राहावं, ब्रह्मचर्य पाळावं, मग आमचं काही म्हणणं नाही, असं तुम्ही आईजवळ बोललात. असं राहणारे ख्रिस्ती लोक आहेत, स्वतःला समलिंगी म्हणवतात आणि देवासाठी एकटे राहतात. त्यांचा मी मान राखते. पण ते त्यांनी स्वतः घेतलेलं व्रत आहे. दुसऱ्याच्या नावाने आपण व्रत बोलत नाही.

माझं मत विचाराल तर मला ते पाप वाटत नाही. खोटेपणा, कोणाला वापरून टाकणं, दिलेला शब्द मोडणं हे पाप, मग ते कोणाचंही असो. तुमचं मत तुमच्याजवळ राहू द्या, ते बदलायला मी एवढं लिहीत नाही. तुम्ही त्याचा फोन उचलत नाही, त्यासाठी लिहिते आहे. शास्त्रात कुठेच तशी आज्ञा नाही.

"हे सगळं अमेरिकेचं फॅड" असंही म्हणालात. पप्पा, आपला धर्म साहेबाचा म्हणून तीस वर्षं स्टाफरूममध्ये टोमणे कोणी झेलले? आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम कोणाचं होतं? 1860 च्या इंग्रजी कायद्याचं. ते 6 सप्टेंबर 2018 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने अशा संबंधांपुरतं काढलं. लग्नाला मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला नाही म्हटलं, म्हणून बाळूला तिकडे करावं लागतं आहे. पुण्यात झालं असतं तर मला एवढा खर्च तरी आला नसता.

आणि एक गंमत. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये नगरला आले, तो बोर्ड बॉस्टनचा. त्यांच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांपैकी बहुतेक 1957 मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये गेल्या. त्या चर्चने 1972 मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या एका माणसाला पाळकपणाची दीक्षा दिली आणि 2005 मध्ये अशा लग्नांना पाठिंब्याचा ठराव केला. कोणत्याही मंडळीवर सक्ती नाही, प्रत्येकीने आपलं ठरवायचं. बाळूचं लग्न त्याच चर्चच्या एका मंडळीत आहे. तुम्ही म्हणाल, सुवार्ता आणणारेच भरकटले. असेलही. पण वडाळ्याला आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा भाऊबंद काय म्हणाले होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रेषित पेत्र कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला ते आठवा. ज्यांना आत घ्यायचं नाही असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यांच्यावरच पवित्र आत्मा उतरलेला त्याने पाहिला. आपण तरी कोण? परराष्ट्रीयच, म्हणजे यहुदी नसलेले. तुम्ही लगेच म्हणाल, पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या 15 व्या अध्यायात परराष्ट्रीयांनाही जारकर्मापासून दूर राहायला सांगितलंय. गणिताच्या मास्तरांच्या हातून एक पायरी सुटायची नाही! पण दोघांनी सगळ्या मंडळीसमोर शपथ घेऊन एकमेकांचं होणं, याला तुम्ही जारकर्म म्हणणार का, ते मनाशी बघा.

आपलं चर्च, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अशी लग्नं लावत नाही, हे खरं. 1998 च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी 526 विरुद्ध 70 मतांनी हे शास्त्राशी विसंगत ठरवलं, तेही खरं. पण त्याच ठरावात अशा लोकांचं ऐकून घेण्याचं वचनही आहे, आणि ते कोणी वाचून दाखवत नाही. वसईला सासूबाईंचं वेगळंच. त्यांच्या कॅथलिक धर्मशिक्षणात कृत्य चूक, पण माणसाला आदराने आणि करुणेने वागवायचं, अन्याय करायचा नाही, असं दोन्ही एका दमात. पोप फ्रान्सिसनी 2023 च्या डिसेंबरात अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्न म्हणून नाही. सासूबाईंना ते फारसं पटलेलं नाही. तरी त्यांनी बाळूसाठी चांदीची फ्रेम काढून ठेवली आहे. "पोराला रिकाम्या हाताने भेटायचं का?" म्हणाल्या.

त्या शिबिराबद्दल मी लिहिणार नव्हते. एवढंच लिहिते, की अमेरिकेत प्रार्थनेने आणि समुपदेशनाने माणसं "बदलून" देणारी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, 2013 मध्ये तिच्याच अध्यक्षाने माफी मागून बंद केली. आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांनी असे उपचार करणं हे गैरवर्तन ठरवलं. तुम्ही त्याला नेलंत ते प्रेमानेच, भीतीने. हे त्यालाही कळतं. पण यापुढे ते नाव घरात काढायचं नाही.

आई, तो पाच वर्षांचा असताना नाताळच्या कॅरल फेरीत तुझ्या शालीत झोपून जायचा आणि पप्पा त्याला खांद्यावर टाकून सगळी सावेडी हिंडायचे. टेंपोतल्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात पप्पांच्या कानटोपीचा गोंडा धरून झोपलेला. मी बाजूला चालत, पाय दुखताहेत म्हणून रडत, आणि मला कोणी उचलत नसे. अजून राग आहे मला त्याचा! त्याचा जोडीदार, तुम्ही त्याच्याबद्दल काहीच विचारत नाही म्हणून सांगते, नर्स आहे. बाळूला मागच्या थंडीत न्यूमोनिया झाला तेव्हा रात्रपाळी बदलून घेऊन तोच उशाशी होता. मी इथे व्हिडिओ कॉलवर नुसती बघत होते. त्याने खिचडी केली होती, मूगडाळीच्या जागी कसली तरी मोठी डाळ घालून. बाळूने ती निमूट खाल्ली.

तुम्ही वाईट आईबाप आहात असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर मी भांडेन.

आता सूचना. पप्पा, सकाळची साखर उपाशीपोटी मोजून कॅलेंडरवर लिहायची, अंदाजपंचे नाही. रविवारी उपासनेला रिक्षाने, उन्हात चालत नाही. वर्षानुवर्षं मंडळीचे पंच होतात, दोन मिनिटं उशीर झाला तर कोणी नाव कापणार नाही. छातीत जरा जड वाटलं तर ॲसिडिटी म्हणून सोडा घेऊन बसायचं नाही, यांना फोन करायचा, रात्र असली तरी. आई, महिला मंडळात कोणी विचारलं तर "ती भावाकडे गेली आहे" एवढं पुरे. तेही खरंच आहे. पुढचं सांगायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी रागावणार नाही. पाळकसाहेब घरी आले तर चहा द्या, त्यांच्याशी वाद घालू नका. मी आल्यावर घालेन.

आई, चकल्या कर. भाजणी शनिवारी यांच्याबरोबर पाठवते. कोणासाठी ते सांगायला नकोच (पप्पा, तुम्ही हे वाचताय, माहीत आहे).

लग्नाच्या आदल्या रविवारी आपल्याकडे रात्री आठला बाळू लँडलाइनवर फोन करेल. मीही तिथे असेन. आशीर्वाद द्या, असं मी म्हणत नाही. लग्नाविषयी एक शब्द बोलू नका हवं तर. त्याला तब्येतीचं विचारा, तिकडच्या पावसाचं विचारा, क्रिकेटचं बोला. पण तो फोन दर वेळी आईनेच उचलायचा असं काही लिहिलेलं नाही.

काळजी घ्या. भांडू नका.

तुमची,
बेबी

ता. क. गॅसचं पुस्तक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. सिलेंडर नोंदवला आहे, तो आला की ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर येईल. मोबाइल चार्ज करून ठेवा, आणि आवाज बंद करू नका.