फॅमिली डॉक्टरची वर्गणी: आधी काय हवे ते ठरवावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ठरावीक मासिक किंवा वार्षिक वर्गणी घेऊन मोजक्याच कुटुंबांची जबाबदारी पत्करणारे खासगी फॅमिली डॉक्टर ही आता केवळ अतिश्रीमंतांपुरती सोय राहिलेली नाही. जेथे सरकारी सेवा मोफत आहे तेथेही, आणि जेथे प्रत्येक भेटीचे पैसे रुग्णाला स्वतःच्या खिशातून मोजावे लागतात तेथेही, मध्यम उत्पन्नाची कुटुंबे हा खर्च करावा की नाही या विचारात पडलेली आहेत. या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा 'परवडेल का' या मुद्द्यापाशीच संपते. त्याआधी आपण या पैशांतून नेमके काय घेणार आहोत, हे ठरायला हवे असे मला वाटते. पैसे द्यायचेच असतील तर ते एकाच डॉक्टरशी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या परिचयासाठी आणि त्याने निवांतपणे दिलेल्या वेळासाठी द्यावेत. झटपट भेट, चोवीस तास चालू असणारा फोन आणि तपासण्यांचे पॅकेज यांच्या मोहाने देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

परिचयाला एवढे महत्त्व का द्यावे, याचे उत्तर केवळ भावनेत नाही. नॉर्वेमध्ये 2001 पासून प्रत्येक नागरिकाला स्वतःचा एक ठरलेला डॉक्टर मिळण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे कोणता रुग्ण कोणत्या डॉक्टरकडे किती वर्षे आहे याची नोंद तेथे उपलब्ध असते. या नोंदींवर आधारलेला अभ्यास 'ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस'मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरशी जेमतेम वर्षभराचा संबंध असलेल्या रुग्णांच्या तुलनेत, पंधरा वर्षांहून अधिक काळ त्याच डॉक्टरकडे राहिलेल्यांमध्ये अवेळी तातडीच्या सेवेची गरज, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग आणि मृत्यूचा धोका हे तिन्ही सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी आढळले. त्यापूर्वी 2018 मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकाने नऊ देशांतील 22 अभ्यासांचा आढावा छापला होता. त्यांपैकी 18 अभ्यासांत डॉक्टर तोच राहण्याचा आणि मृत्युदर कमी असण्याचा संबंध दिसून आला. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. ज्यांचे आयुष्य स्थिर असते त्यांचा डॉक्टरही सहसा बदलत नाही आणि त्यांची प्रकृतीही बरी राहते, हा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे दूर होत नाही. तरीही नॉर्वेमध्ये संबंधाची वर्षे वाढत गेली तसतसा फायदाही पायरीपायरीने वाढत गेला, ही बाब मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही.

असे का घडत असावे, हे समजणे अवघड नाही. एखादी व्यक्ती एरवी कधीच तक्रार करत नाही हे ज्या डॉक्टरला ठाऊक आहे, तो तिच्या 'जरा थकल्यासारखे वाटते' या एका वाक्याने सावध होतो. आणि जी व्यक्ती प्रत्येक काळजीबरोबर छातीत धडधडते असे सांगते, तिला लगेच महागड्या तपासण्यांच्या मागे न लावता तो आधी घरात काय चालले आहे ते विचारतो. अनोळखी डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला ही दोन माणसे सारखीच दिसतात. दुखणे अंगावर काढण्याची सवय असलेल्या माणसांच्या बाबतीत तर हा फरक जिवावरचा ठरू शकतो. 1975 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण पुढे सतत आठवल्या गेलेल्या अभ्यासात, बाह्यरुग्ण विभागात आलेल्या 80 नव्या रुग्णांपैकी 66 जणांचे अचूक निदान रुग्णाची हकिकत ऐकूनच झाले होते. शारीरिक तपासणीमुळे आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे निदान बदलले ते प्रत्येकी सात जणांचे. त्यानंतर तपासणीचे तंत्र फार पुढे गेले आहे, हे मान्य आहे. परंतु हकिकत ऐकायला वेळ लागतो आणि जगात आज त्या वेळाचीच टंचाई आहे. 67 देशांतील माहिती एकत्र करून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या 18 देशांत राहते तेथे प्राथमिक सेवेतील डॉक्टरची भेट सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ चालते. पाच मिनिटांत औषधाची चिठ्ठी लिहून होते. माणूस ओळखता येत नाही.

म्हणून वर्गणीमुळे खरोखरच वीस-पंचवीस मिनिटांची भेट मिळत असेल आणि तोच डॉक्टर दहा वर्षे भेटणार असेल, तर त्या पैशांचे मोल मी कमी लेखणार नाही.

मात्र अशा सेवांची जाहिरात सहसा वेगळ्याच गोष्टींची होते. 'वर्षातून एकदा संपूर्ण शरीराची तपासणी' हे त्यातील सर्वांत ठळक आमिष असते. लक्षणे नसलेल्या लोकांच्या सरसकट आरोग्य तपासण्यांविषयी कॉक्रेन या संस्थेने 2019 मध्ये सुधारित आढावा प्रसिद्ध केला. त्यात तपासणी झालेल्या आणि न झालेल्या लोकांची तुलना करणारे 15 अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक सहभागी होते, आणि अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यू किंवा कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष होता. तपासणी निरुपयोगी असेल, पण निदान अपाय तरी होणार नाही, असे समजणेही चुकीचे आहे. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या कार्यक्रमाला जोडून गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण 1993 च्या तुलनेत 2011 मध्ये पंधरा पट झाले. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर कसलाही त्रास दिला नसता त्यांच्यासाठी हजारो लोकांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला जन्मभराची गोळी आली. रक्तदाब मोजणे, वयानुसार ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशा मोजक्या चाचण्या करणे आणि लसी वेळेवर घेणे हे वेगळे; त्यांना माझा विरोध नाही. परंतु चांगल्या फॅमिली डॉक्टरचे अर्धे काम एखादी तपासणी कशी अनावश्यक आहे हे समजावून सांगण्याचे असते, आणि पॅकेज विकणाऱ्याकडून ते काम होणे कठीण असते.

डॉक्टरला मोबदला कोणत्या पद्धतीने मिळतो, याचा विचारही म्हणूनच आवश्यक आहे. दर भेटीला पैसे मिळत असतील तर भेटी वाढवण्याकडे कल होतो. वर्षाची रक्कम आगाऊ मिळत असेल तर कमी वेळ देऊन अधिक कुटुंबे स्वीकारण्याकडे. दोन्ही पद्धतींत प्रामाणिक डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या वृत्तीवर शंका घेण्याचा माझा हेतू नाही. पण पद्धत माणसाला कोणत्या दिशेने ओढते हे माहीत असलेले बरे. वर्गणीच्या पद्धतीचा एक मोठा गुण असा की रुग्णाला थांबायला सांगितल्याने, फोनवरच धीर दिल्याने किंवा एखादे औषध बंद केल्याने डॉक्टरचे उत्पन्न कमी होत नाही. मात्र वर्गणी घेऊनही तो तज्ज्ञांकडून किंवा प्रयोगशाळेकडून कमिशन घेत असेल, तर तो गुण पार नाहीसा होतो. कट प्रॅक्टिस हा शब्द रुग्णांना पुरेसा परिचित आहे. वर्गणी घेणाऱ्या डॉक्टरला तो प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारण्याचा संकोच कोणी बाळगू नये.

आता ही सेवा कोणी घ्यावी, याविषयी. घरातील सर्वजण धडधाकट असतील, वर्षातून एखादवेळी ताप-खोकल्यासाठी डॉक्टर लागत असेल, तर मला हा खर्च अनाठायी वाटतो. आजारपणाचा बहुतांश भाग मुळात डॉक्टरपर्यंत जातच नाही. 1961 मध्ये केर व्हाइट या वैद्यकीय संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, एक हजार प्रौढांपैकी महिनाभरात सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणे होते, त्यांतील 250 जण डॉक्टरकडे जातात आणि केवळ नऊ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागते. अशा कुटुंबाने वर्गणीची रक्कम आरोग्यविमा भक्कम करण्यासाठी वापरावी. वर्गणी हा विम्याला पर्याय नाही. तीत रुग्णालयाचा, शस्त्रक्रियेचा किंवा तज्ज्ञांचा खर्च सहसा धरलेला नसतो, आणि विमा तोडून वर्गणी भरणारे कुटुंब एका मोठ्या आजारात उघडे पडते.

याउलट घरात मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असे दोन-तीन आजार एकत्र असलेली वृद्ध व्यक्ती असेल, तर माझे मत नेमके उलट आहे. तिच्यावर तीन तज्ज्ञ उपचार करतात, तिघेही आपापल्या अवयवापुरते बरोबर असतात, आणि सगळ्यांच्या गोळ्या एकत्र आल्यावर त्या वृद्ध शरीराचे काय होते हे पाहणारे कोणीच नसते. एकाच्या औषधाने पायाला सूज येते, ती उतरवण्यासाठी दुसरा लघवी वाढवणारी गोळी देतो, त्यातून अशक्तपणा येऊन रात्री तोल जातो आणि हाड मोडते. ही साखळी अनेक घरांना ओळखीची असेल. वर्षातून दोनदा सगळ्या औषधांचा डबा समोर ओतून 'यातील कोणते बंद करता येईल' असे विचारणारा एक डॉक्टर या घरासाठी कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा आहे. दीर्घ आजाराचे मूल असलेल्या किंवा मानसिक आजाराशी झगडणाऱ्या कुटुंबालाही हेच लागू पडते. अखेरच्या आजारपणात तर अतिदक्षता विभागात न्यावे की घरीच वेदना कमी ठेवाव्यात, हा निर्णय त्या रात्री प्रथमच भेटलेल्या डॉक्टरबरोबर घ्यावा लागणे हे कुटुंबाचे मोठे दुर्दैव असते. त्या माणसाची इच्छा आधीपासून जाणणारा कोणी जवळ असणे यासाठी पैसे मोजावेत, असे मला मनापासून वाटते.

या निर्णयाची एक बाजू घराबाहेरची आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत अनेक वर्षे काम केलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते की, चांगली वैद्यकीय सेवा जेथे तिची गरज सर्वाधिक असते तेथेच सर्वांत कमी मिळते, आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितका हा उलटा क्रम पक्का होतो. वर्गणीच्या सेवेला ही मांडणी तंतोतंत लागू होते. अमेरिकेत 1996 मध्ये सिएटल येथे अशी सेवा सुरू झाली. तेथील सामान्य फॅमिली डॉक्टरकडे दोन हजारांच्या आसपास रुग्ण असतात. वर्गणी घेणारा डॉक्टर ही संख्या काही शेकड्यांवर आणतो. उरलेल्या रुग्णांना दुसरा डॉक्टर शोधावा लागतो, आणि तो आधीच थकलेला असतो. आजारी आईसाठी वर्गणी भरणाऱ्या मुलीला यासाठी दोष देणे मला योग्य वाटत नाही. मात्र स्वतःची सोय झाल्यावर सार्वजनिक आरोग्यकेंद्रात डॉक्टर वारंवार का बदलतात, रुग्णाला दर वेळी नव्याने हकिकत का सांगावी लागते, याविषयी आवाज उठवणे सोडू नये, एवढी अपेक्षा मी नक्कीच ठेवीन. नॉर्वेने जे साधले ते खासगी वर्गणीतून साधलेले नाही, तर सार्वजनिक व्यवस्थेतून साधले आहे.

ज्यांनी पैसे द्यायचे ठरवले आहे त्यांनी डॉक्टरला काही गोष्टी आधीच विचाराव्यात. त्याच्याकडे एकूण किती कुटुंबे आहेत आणि ती संख्या तो कोठे थांबवणार आहे? तो रजेवर असताना कोण पाहणार आणि त्या व्यक्तीला आपल्या नोंदी पाहता येणार का? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी तो घरी येईल का? रुग्णालयात दाखल केल्यावर तेथील तज्ज्ञांशी तो स्वतः बोलेल की केवळ चिठ्ठी देऊन मोकळा होईल? डॉक्टरचे वयही लक्षात घ्यावे, कारण दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या डॉक्टरकडून पंधरा वर्षांच्या सोबतीची अपेक्षा करता येत नाही. सेवा एखाद्या कंपनीमार्फत मिळत असेल तर दर वेळी तोच डॉक्टर भेटेल याची हमी मागावी. ती मिळत नसेल तर त्या वर्गणीतून झटपट भेटीपलीकडे काही हाती लागणार नाही, असे समजावे.

शेवटी वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती करावीशी वाटते. वर्गणी घेणाऱ्या डॉक्टरांनी सेवेच्या अटी, कुटुंबांची कमाल संख्या आणि कमिशन न घेण्याची ग्वाही लेखी द्यावी, असा दंडक त्यांनी स्वतःहून घालून घ्यावा. वर्गणी बंद केलेल्या कुटुंबाला त्याच्या सर्व नोंदी दुसऱ्या डॉक्टरला वाचता येतील अशा स्वरूपात, विनाविलंब आणि विनाशुल्क परत देण्याचे कलमही त्यात असावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक