वैद्यकीय शिबिरं ओपीडीच्या रांगेत भरवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिना आला की ‘होणाऱ्या डॉक्टरांसाठी’ भरणाऱ्या शिबिरांचे फलक आता आमच्या तालुक्याच्या स्टँडवरही लागतात. यंदा मी अशा एका सहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. अकरावी झाली आहे, पुढच्या वर्षी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे आणि आमच्या घरात आजवर डॉक्टर सोडाच, कंपाउंडरही कुणी झालेलं नाही. म्हणून बाबांनी कुरकुर न करता फी भरली. त्यातल्या चौथ्या दिवसाबद्दल लिहिते.

साडेपाचची एसटी धरून आठला पोचले. पहिला तास हात धुण्याचा. हसू नका. हातांना एक जेल चोळायला लावलं, मग साबणाने धुऊन जांभळ्या दिव्याखाली धरायला सांगितलं. जिथलं जेल निघालं नाही तिथे चमकतं. माझे दोन्ही अंगठे आणि नखांच्या कडा लख्ख चमकत होत्या. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी सगळ्यांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी बाकीचे डॉक्टर मानायला तयार नव्हते, हे मॅडमनी तेव्हाच सांगितलं. अंगठ्याकडे बघत ऐकलं म्हणून लक्षात राहिलं.

मग पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याचा प्रयत्न. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायची आणि ३० दाबांमागे दोन श्वास द्यायचे. दोन मिनिटांतच माझे दंड भरून आले. दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलतात तो का, ते विचारावं लागलं नाही.

अकराला वॉर्ड. इथे मात्र मान खाली घालावी असं घडलं. नवे कोरे ॲप्रन घातलेली आम्ही तीसेक मुलं एका बाईंच्या खाटेभोवती उभी राहिलो. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टर आजार समजावत होते, तेवढ्यात आमच्यातल्या एकाने मोबाइल वर धरला. बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. कुणीच काही बोललं नाही, मीही नाही. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता आणि रुग्णाशी बोलणं-वागणं यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भाग आहे म्हणतात. मग त्यातले दोन तास शिबिराच्या पहिल्याच दिवशी आम्हाला द्यायला काय हरकत होती?

दुपारी ऑपरेशन थिएटर दाखवणार होते. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पण तातडीची केस आली, कार्यक्रम रद्द झाला आणि आम्हा चौघींना औषधांच्या खिडकीशी एका सिस्टरजवळ बसवलं. खरं सांगायचं तर आमची तोंडं पडली होती.

एक आजी आल्या. पिशवीत जुने केसपेपर, त्यांच्यात गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या. बीपीची गोळी रोज घेता का, असं सिस्टरनी विचारलं, तर म्हणाल्या, “डोकं धरलं की घेते. उगंच कशाला संपवायची?” साखरेच्या गोळीपुढे १-०-१, म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, असं लिहिलेलं. सिस्टरनी विचारलं, “आजी, रात्री काय जेवता?” आजी म्हणाल्या, “रात्री कुठलं जेवण? चहा न् बटर.” आमच्यातली एकही तो प्रश्न विचारणार नव्हती. आम्ही १-०-१ वाचून पुढचा नंबर पुकारला असता. सिस्टर कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, गोळीची वेळ बदलून आणली. मग खिशातलं पेन काढून एका पट्टीवर सूर्य काढला, दुसरीवर जेवणाचं ताट. डोकं दुखो न दुखो, सूर्याची गोळी रोज, असं आजींकडून दोनदा वदवून घेतलं. एवढ्याला चार मिनिटं लागली असतील. रांगेतला एक जण मागून ओरडतच होता, त्याचंही चूक नव्हतं.

नीटच्या पेपरात १८० प्रश्न असतात, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. इन्सुलिन कुठे तयार होतं ते मी झोपेतही सांगेन.

आता मुद्द्याचं. ही शिबिरं चालवणाऱ्यांनी पालकांना स्पष्ट सांगावं, की आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणानुक्रमावर होतो, या प्रमाणपत्राचा त्यात काडीचा उपयोग नाही. अमेरिकेत असा अनुभव अर्जात मोजतात, जाहिराती तिकडच्या थाटाच्या आहेत इतकंच. आमच्या गटातल्या निम्म्या पालकांची समजूत वेगळीच होती. दुसरं, खाटेजवळ नेण्याआधी रुग्णाला विचारा, एका वेळी चारच मुलं न्या, मोबाइल दाराशी काढून घ्या. आणि तिसरं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनीच सुट्टीत असा आठवडा मोफत भरवावा, तोही ओपीडीत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नव्या मुलांना आधी गांधीजींच्या आश्रमात राहावं लागतं आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तेवढं जमणार नाही, पण खिडकीशी चार स्टुलं टाकायला वेगळा निधी लागत नाही.

पाचव्या दिवशी मी पुन्हा खिडकीशी बसू का, असं विचारलं. वेळापत्रकात बसत नाही म्हणाले. त्या दिवशी ‘करिअर मार्गदर्शन’ होतं.

आपली वाचक,
एक विद्यार्थिनी, जि. सांगली