सायलेन्सरवर रोलर फिरवा, पण पोरांना ट्युनिंगही शिकवा

महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात फोटो बघितला, जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेत आणि त्यावरनं रोलर चाललाय. कारवाईबद्दल माझी काही तक्रार नाही, आमच्या गल्लीतनं रोज रात्री साडेअकराला एक जण फटाके वाजवत जातो आणि शेजारच्या आजी दचकून उठून बसतात. पण बातमीत शेवटी लिहिलं होतं की गाडीची पॉवर वाढवायला पोरं असे सायलेन्सर बसवतात, ते वाचून राहवलं नाही. पॉवर अशी वाढत नाही, आणि हे त्या पोरांना कोणी सांगतच नाही.

माझ्याकडं यामाहाची आर१५ आहे, पहिल्या व्हर्जनची, २०१० ला घेतलेली, अजून रोज चालते. १४९.८ सीसी, १७ पीएस पॉवर, लिक्विड कूल्ड इंजिन, सहा गिअर. २००८ ला ही गाडी आली तेव्हा आमच्यासारख्या पोरांना पहिल्यांदाच खिशाला परवडेल अशी खरी स्पोर्ट बाईक मिळाली, त्यामुळं जीव अडकला तो अडकलाच. चारच महिन्यांत मी कंपनीचा सायलेन्सर काढून फ्री फ्लो पाईप, म्हणजे धूर न अडवता सरळ बाहेर सोडणारा सायलेन्सर लावला, हवेचा फिल्टरपण बदलला. आवाज असला भारी की गाडी उडतेय असंच वाटायचं. मग एका रविवारी मित्राच्या स्टॉक, म्हणजे काहीच न बदललेल्या आर१५ बरोबर यवतेश्वरचा घाट चढलो तर त्याची गाडी वळणातनं निघताना अलगद ओढायची आणि माझी खालच्या आरपीएमला अडखळायची, थ्रॉटल सोडला की पाईपातनं फटफट, वर पोचेपर्यंत इंजिन नुसतं तापलेलं.

आमच्या जुन्या फिटरनं इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून माझ्या हातात दिला. पांढराफटक. म्हणला, हवा वाढवलीस, पेट्रोल कोण वाढवणार? इंजेक्शनच्या गाडीत किती हवेला किती पेट्रोल सोडायचं याचा मॅप ईसीयूत, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरात भरलेला असतो आणि तो कंपनीच्या फिल्टर-सायलेन्सरसाठी बनवलेला असतो. नुसता पाईप मोकळा केला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, इंजिन गरम चालतं, आणि असंच ताणत राहिलं तर पिस्टनवर येतं. मिक्श्चर बरोबर असलं की प्लग कॉफीच्या रंगाचा दिसतो, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलं की काळा. मला हे कळायला एक वर्ष आणि बरेच पैसे लागले.

माझ्या एका मित्रानं तर बोअर मारून, म्हणजे सिलेंडर आतनं घासून मोठा करून घ्यायचं ठरवलं होतं, यामाहाच्याच जुन्या आरएक्स१०० ला मारतात तसं. आता आर१५ चा सिलेंडर डायासिलचा, म्हणजे सिलिकॉन मिसळलेलं अॅल्युमिनियम, आत लोखंडी लायनर, म्हणजे अस्तर नाहीच, त्याला बोअर मारायचा नसतो, खराब झाला की ब्लॉकच बदलायचा. गॅरेजवाल्यानं हे न सांगता काम घेतलं होतं, आमच्या फिटरनं अडवलं म्हणून वाचलं. दुसऱ्यानं मागं १४० मिलिमीटर रुंदीचा टायर टाकला, कंपनीचा १०० चा असतो. दिसायला एकदम मोठी गाडी, पण अरुंद रिमवर टायर चिमटला जातो, वजन वाढतं, पिकअप जातो आणि वळणात गाडी झुकायला मागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी कंपनीनं दिलेली पॉवर तरी पुरती घ्या. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट सेट, चेनला ग्रीस आणि ताण बरोबर, फिल्टर साफ, ब्रेक घासत नाही ना, टायरमध्ये हवा योग्य, इंजेक्टर स्वच्छ. मी परत जुना सायलेन्सर आणि जुना फिल्टर बसवून एवढंच केलं आणि तोच घाट एक गिअर वर ठेवून चढलो. त्याच्याही पुढं जायचं असेल तर पाईप, फिल्टर आणि ईसीयू एकत्र डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर ट्यून करून घ्यावं लागतं, आणि ती गाडी मग ट्रॅकची, रस्त्याची नाही. कायदापण स्पष्ट आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला, दर बदलामागं, ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दीडशे सीसीच्या गाडीला कंपनीतनं बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल असते, हे किती पोरांना माहितीय?

पण ट्रॅक कुठाय हापण प्रश्न आहेच. केटीएम आपल्या चाकणला बनतात आणि आमची पोरं रेसिंग शिकायला चेन्नई नाहीतर कोईमतूर गाठतात, तेही ज्याला परवडतं तोच. बाकीचे हायवेवर आणि घाटात शिकतात आणि तिथं काय होतं त्याच्या बातम्या तुम्हीच छापता.

पोलीस आणि आरटीओला विनंती आहे की सायलेन्सर जप्त केला की पोराला नुसतं चलन देऊन सोडू नका, तासभर बसवून त्याच्याच गाडीचा प्लग काढून त्याला दाखवा. आमच्या इथं रविवारी सकाळी असं काही सुरू करणार असाल तर मी माझी गाडी आणि पान्यांची पेटी घेऊन यायला तयार आहे, फिटरलाही विचारलंय, तोपण हो म्हणलाय.

आपला,
एक वाचक, सातारा