स्पीकर वाचवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

लॅमिंग्टन रोडवरील आपल्या दुकानातून दुरुस्त होऊन आलेला आमचा जुना स्टिरिओ घरी व्यवस्थित लागला असून दोन्ही स्पीकर उत्तम वाजत आहेत, हे कळवण्यासाठी आणि आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपण केलेले काम स्पीकरची जाळी लावली की झाकले जाते. ते चारचौघांना कळावे, म्हणून पत्र जाहीर करत आहे.

वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेले हे स्पीकर भंगारात देण्याचा सल्ला आम्हाला आधी मिळाला होता. आपण मात्र जाळी काढताच सांगितलेत की कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा भाग) आणि कॉईल (त्याला जोडलेले तारेचे वेटोळे) शाबूत आहेत, गेली आहे ती केवळ कोनाच्या कडेची फोमची पट्टी. असा फोम हवेतील ओलाव्याने वर्षानुवर्षे झिजत जातो आणि मुंबईच्या दमट हवेत तर बोट लावताच त्याचा चिकट चुरा होतो, हे आपण तो चुरा माझ्या तळहातावर ठेवूनच दाखवलेत. स्पीकरच्या मागे 8 ओहम (विद्युत रोधाचे माप) छापलेले असताना मल्टिमीटरवर 6 च्या आसपास आकडा आला, तेव्हा मला कॉईलची काळजी वाटली होती; छापलेला आकडा आवाज वाजतानाच्या एकूण अडथळ्याचा असतो आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, म्हणून 8 ओहमचा धडधाकट स्पीकरही एवढेच दाखवतो, हे आपण हातातले काम थांबवून समजावलेत.

त्यानंतर आपण जे केलेत ते मी विसरणार नाही. जुना गम कोनाला धक्का न लावता खरवडून काढलात, मधली टोपी अलगद उघडून कॉईल आणि चुंबक यांच्यामधल्या फटीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवल्यात, कोन अगदी मधोमध आल्याची खात्री केलीत आणि मगच नवी कड चिकटवलीत. कोन केसभर कलला तरी कॉईल घासून खरखर होते, म्हणून गम पुरता वाळेपर्यंत आपण घाई केली नाहीत. क्रॉसओव्हरमधील (खर्ज आणि तार सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधील) दमलेले कपॅसिटर बदलतानाही नवे त्याच मूल्याचे आणि नॉन-पोलरच, म्हणजे धन-ऋण बाजू नसलेलेच, हवेत, हा आपला आग्रह होता.

अॅम्प्लिफायर आपण आधी सिरीज बल्बवर (बिघाड असल्यास जास्त वीज जाऊ नये म्हणून मध्ये बल्ब जोडून) चालू केलात आणि आउटपुटवर डीसी (एकाच दिशेने वाहणारी, स्पीकर जाळू शकणारी वीज) येत नाही हे मीटरवर पाहिल्याशिवाय स्पीकर जोडू दिले नाहीत. माझ्या मते हीच खरी कारागिरी. दीड व्होल्टच्या सेलने कोन बाहेर येतो की आत जातो हे तपासताना, पूर्वीच्या एका दुरुस्तीत डाव्या स्पीकरच्या तारा उलट डाखल्या गेल्याचे आपणच शोधून काढलेत. दोन स्पीकर परस्परविरुद्ध हलले की खर्ज एकमेकांत विरून जातो. आमच्याकडे तबल्यातला डग्गा इतकी वर्षे पोकळ का वाजत होता, याचे उत्तर त्या एका सेलने दिले.

डिन प्लगची (स्पीकरची तार अॅम्प्लिफायरला जोडणाऱ्या दोन पिनांच्या प्लगची) गोल पिन धन आणि चपटी पिन ऋण, हे ध्यानात राहावे म्हणून आपण धन तारेवर लाल नळी चढवून दिलीत, त्यामुळे घरी जोडणी करताना कुठेही अडले नाही. मजुरी सांगताना समजावण्यात गेलेला वेळ आपण हिशेबात धरला नाहीत, त्याची मला पूर्ण जाणीव आहे.

स्पीकरची दुसरी जोडी आपल्या सूचनेप्रमाणे अद्याप जोडलेली नाही. 8 ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की प्रत्येक बाजूचा भार 4 ओहमवर येतो आणि एवढ्या जुन्या अॅम्प्लिफायरवर तो टाकू नये, हे लक्षात आहे. तिचाही फोम गेला आहे. दिवाळीनंतर ती जोडी घेऊन येईन, तेव्हा सवडीने पाहावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
गिरगावातील एक ग्राहक