घर गेलं ते गेलं, निदान हिशोब आणि सामान तरी द्या

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, गृहकर्ज विभाग

विषय: होम लोनच्या घराचा ताबा आणि लिलाव यात दिलेली चुकीची माहिती, अडकलेलं सामान आणि न मिळालेला हिशोब

सर/मॅडम,

हीच तक्रार मी शाखेत लेखी दिलीय, पोच पण घेतलीय, पण तिथून काहीच हलत नाहीये म्हणून आता तुम्हाला लिहितेय. हप्ते का थांबले ते तुमच्या फाईलीत सगळं आहे, मिस्टरांची कंपनी बंद पडली, मग त्यांचं ऑपरेशन झालं, माझ्या शिलाईच्या पैशात हप्ता बसेना. बँकेला तिचे पैसे वसूल करायचा हक्क आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार ही आहे की घर जाणार असेल तर ते कसं जातं, कोणत्या टप्प्यावर आपल्या हातात काय असतं, बाहेर पडताना काय करायचं आणि नंतर हिशोब कसा होतो, हे तुमच्या माणसांनी आम्हाला कधीच नीट सांगितलं नाही, आणि जे सांगितलं त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं. त्यातून आमचं खरंखुरं नुकसान झालंय, पैशाचं पण आणि बाकीचं पण.

९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए म्हणजे बुडीत-थकीत खातं होतं आणि मग सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते त्या कायद्याच्या, कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते, हे आता मला तोंडपाठ झालंय, पण नोटीस हातात पडली तेव्हा ती सगळी इंग्रजीत होती आणि थकलेल्या हप्त्यांऐवजी पूर्ण लोनची रक्कम त्यात मागितली होती. शाखेत विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, साठ दिवसात सगळे भरा नाहीतर घर खाली करा. बस, एवढंच. त्या नोटिशीवर लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेने १५ दिवसात कारणांसह उत्तर द्यायचं असतं, हे आम्हाला वकिलांकडून कळलं. आम्ही आक्षेप दिला, हप्त्यांची नवीन मांडणी करून मागितली, त्याचं उत्तर आलं ते दोन ओळींचं, आपले आक्षेप ग्राह्य धरता येत नाहीत. का धरता येत नाहीत? कारण कुठेच नाही, आणि कायद्यात तर कारण कळवायलाच सांगितलंय.

मग एक दिवस दाराबाहेर ताब्याची नोटीस चिकटवली आणि पेपरातही नावासकट छापून आली. मला मान्य आहे की ती छापायचीच असते, दोन पेपरात, त्यातला एक स्थानिक भाषेतला, तुम्ही नियमानेच केलं असेल. पण त्यानंतर तुमच्या वसुलीच्या माणसाने फोन करून सांगितलं की आता घर बँकेचं झालं, आठ दिवसात निघा. आम्ही घाबरून भाड्याचं घर बघितलं, उसने घेऊन डिपॉझिट भरलं, मुलीचे सासू सासरे पण विचारायला लागले काय झालं म्हणून, आणि मग वकील म्हणाले अहो हा सांकेतिक ताबा आहे, प्रत्यक्ष ताबा नाही, तुम्ही राहू शकता, फक्त बँकेला न विचारता घर विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. घरात राहणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा मोठ्या शहरात मुख्य महानगर दंडाधिकाऱ्याकडे कलम १४ खाली अर्ज करते, तो आदेश मिळाला की मग अधिकारी आणि पोलीस येतात. हे एवढं फोनवर सांगायला कितीसा वेळ लागला असता? भाड्याच्या घराच्या मालकाने डिपॉझिटमधून पैसे कापूनच परत दिले, ते आमच्याच खिशातून गेले.

डीआरटीचं, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या केसेस चालतात त्या न्यायाधिकरणाचं, पण तसंच. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसात डीआरटीत अर्ज करता येतो. आम्ही त्याबद्दल विचारलं तेव्हा शाखेतून उत्तर मिळालं की तिथे जायचं तर आधी मागणीचे पैसे भरावे लागतात, तुम्हाला जमणार नाही. साहेब, आधी ७५ टक्के रक्कम भरायची ती अट सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच मार्डिया केमिकल्सच्या केसमध्ये रद्द केलेली आहे, आता अर्जाची फी भरावी लागते बाकी काही नाही. वीस वर्षं उलटून गेलेली गोष्ट तुमच्या वसुली विभागाला माहीत नसेल यावर मी विश्वास कसा ठेवू? ती मुदत आमच्या हातून गेली.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आणि या पत्रातली ही एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर हीच वाचा. आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं होतं. घर आपणच विकून लोन मिटवायचं आणि वरचे राहतील ते घेऊन दुसरीकडे जायचं असं ठरवलं होतं, कारण लिलावात किंमत कमी येते हे कोणीही सांगेल, घेणारा आत शिरून नीट बघू शकत नाही, लोन मिळायला त्रास होतो, केस होईल याची भीती असते. गिऱ्हाईक पैसे सरळ लोन खात्यात भरायला तयार होतं. बँकेची परवानगी लागते म्हणून आम्ही शाखेत अर्ज दिला, त्याचीही पोच माझ्याकडे आहे. आम्हाला सांगितलं फाईल वर गेलीय. पुन्हा गेलो, तेच उत्तर. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं तेव्हा मी साहेबांना स्पष्ट विचारलं की आमच्याकडे नक्की किती वेळ आहे, तर ते म्हणाले लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत पैसे भरले तरी घर सोडवता येतं, घाई करू नका.

हे खोटं होतं. कलम १३(८) मध्ये २०१६ साली बदल झालाय, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच सगळी बाकी आणि खर्च भरून घर सोडवायचा हक्क असतो, त्यानंतर तो हक्क राहत नाही, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्सच्या निकालात पण हेच सांगितलंय. म्हणजे आमच्या हातात जो शेवटचा दिवस होता तो लिलावाच्या आदला नव्हताच, जाहिरातीच्या आदला होता. जाहिरात पेपरात आली त्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला घेऊन शाखेत गेले तर तेच साहेब म्हणाले आता आमच्या हातात काही नाही. परवानगीच्या अर्जाचं उत्तर मला आजपर्यंत आलेलं नाही, हो नाही आणि नाहीही नाही. लिलावात घर आमच्या गिऱ्हाइकाच्या किमतीपेक्षा कमीला गेलं. हा फरक कोणाचा गेला? बँकेला तर तिचे पैसे दोन्हीकडून मिळणारच होते. राखीव किंमत, म्हणजे लिलावात ज्याच्या खाली घर विकत नाहीत ती किंमत, ज्या व्हॅल्युएशनवर ठरवली त्या रिपोर्टची कॉपी मी तेव्हापासून मागतेय, तीही दिलेली नाही.

प्रत्यक्ष ताब्याच्या दिवसाबद्दल लिहायला हात जड होतो पण लिहायला पाहिजे. तारीख आम्हाला आदल्या संध्याकाळी फोनवर कळली, लेखी काही नाही. सकाळी अधिकारी, पोलीस, पंच आणि तुमच्या एजन्सीची माणसं आली. पोलीस आणि अधिकारी नीट वागले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एजन्सीच्या माणसांकडे ओळखपत्र मागितलं तर एकाने दाखवलं, बाकीच्यांनी नाही, आणि बँकेचं अधिकारपत्र तर कोणाकडेच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने २००८ पासून सांगितलंय की वसुली एजंटजवळ ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची कॉपी असली पाहिजे. एका रात्रीत माणूस किती आवरणार, आम्ही कपडे, सासऱ्यांची औषधं, गॅस, थोडी भांडी एवढं बाहेर काढलं आणि मग वेळ संपली म्हणून कुलूप लावून सील केलं. पंचनाम्यात सामानाची नोंद काय तर, जुने वापरते घरगुती सामान. एका ओळीत सगळं घर.

गहाण ठेवलं होतं ते घर. घरातलं सामान आम्ही कधीच गहाण ठेवलं नव्हतं, ते आमचंच आहे, लिलाव घराचा झाला तरी आमचंच राहतं. त्या आतल्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे आणि गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं आहेत, दुसऱ्यांची कापडं, त्यात एका मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज होते. तिच्या आईला मी काय सांगितलं असेल याचा विचार करा. कपाटात धाकट्याचं दहावीचं मार्कशीट आहे, सासऱ्यांच्या कानाच्या मशीनचा चार्जर आहे. मी शाखेत गेले की एजन्सीकडे जा म्हणतात, एजन्सी म्हणते बँकेचं पत्र आणा, आणि मागच्या वेळी तर सामान ठेवल्याचं भाडं भरा म्हणाले. कसलं भाडं? मशीन बंद म्हणजे माझी कमाई बंद, हप्ते थकले म्हणून घर घेतलं आणि वर कमवायचं साधनही अडकवून ठेवलं, मग आम्ही उभं कसं राहायचं?

आता हिशोब. लिलावात ज्याची बोली लागते तो २५ टक्के लगेच भरतो आणि उरलेले नियमाप्रमाणे १५ दिवसात किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत. ते पैसे आले की आधी खर्च, मग तुमची बाकी, आणि उरले तर ते ज्याचे आहेत त्याला, म्हणजे आम्हाला, परत द्यायचे असं कलम १३(७) मध्ये आहे. आमच्या हिशोबाने पैसे उरायला पाहिजेत. पण तुमच्याकडून फक्त एक आकडा आलाय, त्यात वॉचमन, जाहिरात, व्हॅल्युएशन आणि लीगल चार्जेस असं सगळं एकत्र करून टाकलंय, कशाची पावती नाही. शिवाय स्टेटमेंटमध्ये दंडाची रक्कम दर महिन्याला मुद्दलात मिळवून त्यावर परत व्याज लावलेलं दिसतंय, ते पण २०२४ च्या शेवटच्या महिन्यांतलं. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक दंडाच्या रकमेवर व्याज चढवू नका असं सांगतं, आणि जुन्या लोनना पण ते ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं.

आणि एवढं होऊन एजन्सीचे फोन चालूच आहेत, अजून बाकी आहे म्हणून, सकाळी सातला पण येतात, आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असं २०२२ पासून स्पष्ट असताना. खरंच बाकी असेल तर कागदावर दाखवा आणि त्यासाठी जो कायदेशीर रस्ता आहे त्याने या, आम्ही तिथे उत्तर देऊ. जामीनदार म्हणून माझ्या भावाचं नाव आहे, त्याच्या ऑफिसात फोन करणं तर आजच्या आज बंद करा.

तर मला पाहिजे ते असं. सगळ्यात आधी सामान, पंच आणि बँकेचा माणूस समोर ठेवून, वस्तूनिहाय यादी करून, कुठलंही भाडं न लावता, कारण नवीन मालकाला ताबा दिला की ते सामान कुठे जाईल याची मला रोज धास्ती आहे. मग लोन खात्याचं पूर्ण स्टेटमेंट, प्रत्येक खर्चाच्या पावतीसकट, व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि विक्रीची कागदपत्रं. उरलेली रक्कम आमच्या खात्यात. खातं मिटल्याचं लेखी पत्र आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये खरी नोंद, लिलावातून वसुली झालेली असताना तिथे पूर्ण लोन थकीत दिसतंय, त्यामुळे मिस्टरांना नवीन नोकरीच्या चौकशीत पण अडचण येतेय. आणि गिऱ्हाइकाच्या अर्जावर निर्णय का दिला नाही याचं लेखी कारण, आणि त्या उशिरामुळे झालेल्या किमतीच्या फरकाची भरपाई. ही भरपाई मी सोडणार नाहीये.

अजून एक सांगते, ते माझ्यासाठी नाही. पहिल्या नोटिशीसोबत मराठीत एक पानभर साधी माहिती जोडा, आक्षेप कधीपर्यंत घ्यायचा, सांकेतिक ताबा म्हणजे काय, डीआरटीची मुदत किती, घर सोडवायचा शेवटचा दिवस कोणता, सामानाचं काय होतं, उरलेले पैसे कोणाला मिळतात. माझ्यासारख्या बायका शाखेच्या बाकड्यावर बसलेल्या मी बघितल्यात, हातात इंग्रजी नोटीस आणि समोर कोणी बोलायला तयार नाही. त्यांना निदान कळलं पाहिजे पुढे काय वाढून ठेवलंय.

या पत्राचं उत्तर ३० दिवसात आलं नाही किंवा समाधानकारक आलं नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करणार आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही, कागद सगळे लावून ठेवलेत. सामानासाठी मात्र ३० दिवस थांबता येणार नाही. त्याची तारीख आणि वेळ मला या आठवड्यात लेखी कळवा, फोनवर नको, टेम्पो आम्ही आमचा आणू.

आपली,
सहकर्जदार
(लोन खाते क्रमांक, दोन्ही अर्जांच्या पोच आणि पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे)