क्युरेटिंगआधी एकदा दुर्बिणीतून बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आठव्या-नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. गोळ्या नाहीतर क्युरेटिंग (पिशवी खरवडून साफ करणं), थोडा आराम आणि ‘नंतर पुन्हा ट्राय करा’. का झालं, ते दवाखान्यात कुणी सांगत नाही. घरी मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. पपई खाल्लीस, घोडबंदरच्या खड्ड्यांतून रिक्षाने गेलीस, लोकलमध्ये उभी राहिलीस!

प्रत्यक्षात सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. पण सासूबाईंना आकडेवारी पटत नाही, रिपोर्ट पटतो.

तो मिळवण्याचा मार्ग आहे. पिशवी साफ करण्याआधी, त्याच भुलेत, गर्भाशयाच्या मुखातून बारीक दुर्बीण आत नेता येते. गर्भ अखंड असतो, तेव्हा डोकं, हातपाय, पाठ नीट घडत होती का, हे स्क्रीनवर दिसतं. गुणसूत्रं नॉर्मल असूनही घडणीत दोष असू शकतो, तोही इथेच सापडतो; क्युरेटिंगनंतरच्या तुकड्यांत काय ओळखणार? शिवाय बघून नेमका गर्भाचाच नमुना घेता येतो. न बघता खरवडलं की आईच्या पेशी मिसळतात. मग ‘४६ एक्सएक्स, नॉर्मल’ (म्हणजे स्त्रीची नेहमीची ४६ गुणसूत्रं) असा रिपोर्ट गर्भाचा की आईचाच, कोण सांगणार?

माझ्या दुसऱ्या गर्भपाताच्या वेळी गोष्ट तिथवरही गेली नाही. गुणसूत्र चाचणीचा नमुना फॉर्मॅलिन या रसायनाच्या बाटलीत टाकला. लॅबमधून फोन आला: पेशी मेल्यात, आता वाढणार नाहीत, ताजा सलाईनमध्ये पाठवायचा होता. तोवर बाकी सगळं कचऱ्यात गेलं होतं.

पहिल्याच वेळी प्रत्येकीची अशी तपासणी करा, असं मी म्हणत नाही. कारण कळलं म्हणजे उपाय सापडलाच, असंही नाही. पण दुसऱ्यांदा झालं तर विचारायची सोय हवी.

ठाणे जिल्ह्यात निदान एका ठिकाणी ती सुरू करा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. (ते महापालिकेचं, आमच्या खात्याचं नाही, असं उत्तर कृपया नको.) दुर्बीण आणि गुणसूत्र चाचणी, दोन्हींचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मिळेल, असं स्पष्ट लिहून द्या. आणि कुठल्या नमुन्याला फॉर्मॅलिन, कुठल्याला सलाईन, याचा एक कागद प्रत्येक सरकारी ऑपरेशन थिएटरात लावायला सांगा. त्याला तर बजेटही लागत नाही.

आपली,
ऐरोलीची एक रहिवासी