चेक उदारमतवाद 1989 मध्ये जन्मलेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्य युरोपातील राजकारणावर आपल्या दैनिकात अलीकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात, चेक प्रजासत्ताकातील उदारमतवादी पक्ष कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या 1989 च्या सत्तांतरातून निपजले आणि त्यांचा विचार त्या देशाने पश्चिमेकडून आयता उचलला, असे विधान आहे. लेख एरवी अभ्यासपूर्ण असल्यामुळे वाचक हे विधानही तसेच्या तसे स्वीकारतील, म्हणून हे पत्र. चेक लोकांमधील उदारमतवादी राजकारण पावणेदोनशे वर्षांचे आहे, आणि ते आज इतके विखुरलेले का, याचे उत्तर 1989 नंतरच्या घडामोडींपेक्षा त्या जुन्या इतिहासात अधिक सापडते.

सुरुवात 1848 ची. चेक प्रदेश तेव्हा व्हिएन्नाहून चालणाऱ्या ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. त्या क्रांतिवर्षात इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की आणि त्यांचे जावई फ्रांतिशेक लादिस्लाव रीगर यांच्या भोवती जो गट जमला, तोच पुढे राष्ट्रीय पक्ष, म्हणजे ‘जुने चेक’, म्हणून ओळखला गेला. ऑस्ट्रियन साम्राज्याची पहिली निर्वाचित संसद मोराविया या चेक प्रांतातील क्रोम्येर्झीझ या गावी भरली असताना, राज्याची सर्व सत्ता जनतेपासून उगम पावते, या मूलभूत हक्कांच्या मसुद्यातील कलमाचे समर्थन रीगर यांनी जानेवारी 1849 मध्ये भर सभागृहात केले. सम्राटाच्या मंत्र्यांना ते अर्थातच रुचले नाही. मार्चमध्ये सैन्याच्या बळावर ती संसद बरखास्त झाली आणि मसुदा कागदावरच राहिला. पण हे कलम मांडणारे आणि त्यासाठी भांडणारे चेक प्रतिनिधी तेव्हा होते, ही गोष्ट कशी विसरता येईल?

याच काळातील कारेल हावलीचेक बोरोव्स्की या संपादकाची हकिकत तर प्रत्येक वृत्तपत्राने जपावी अशी आहे. सम्राटाने वरून लादलेल्या राज्यघटनेवर टीका केली म्हणून 1849 मध्ये त्यांच्यावर खटला झाला, त्यांचे पत्र बंद पाडल्यावर त्यांनी कुत्ना होरा येथून दुसरे नियतकालिक काढले, आणि 1851 मध्ये त्याबद्दलही त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. दोन्ही वेळा ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांनी, त्यांना निर्दोष ठरवले. न्यायालयात हरलेल्या सरकारने मग न्यायालयाची वाट सोडली. डिसेंबर 1851 मध्ये रात्रीच्या वेळी पोलीस घरी आले आणि कोणताही नवा खटला न चालवता त्यांना टिरोलमधील ब्रिक्सेन येथे हद्दपार करण्यात आले. तेथून परतल्यावर वर्षभराच्या आसपासच, 1856 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या दोन दशकांत जुन्या चेकांनी सरदार-जमीनदारांशी युती केली आणि व्हिएन्नाच्या संसदेवर बहिष्कार टाकण्याचे धोरण धरले. त्याला कंटाळलेल्या कार्यकर्त्यांनी 1874 मध्ये वेगळा पक्ष स्थापन केला. तो ‘तरुण चेक’. कारेल स्लाद्कोव्स्की आणि ग्रेगर बंधू हे त्यांचे नेते आणि युलियुस ग्रेगर यांचे ‘नारोद्नी लिस्ती’ हे दैनिक त्यांचे व्यासपीठ. त्या काळी मताचा हक्क भरलेल्या करावर ठरत असे. 1882 मध्ये कराची अट दहा गुल्डनवरून (गुल्डन हे तेव्हाचे ऑस्ट्रियन चलन) पाच गुल्डनवर आली, त्यामुळे छोटे दुकानदार, कारागीर आणि मध्यम शेतकरी मतदार झाले, आणि त्यांच्याच बळावर 1891 च्या निवडणुकीत तरुण चेकांनी जुन्यांचा धुव्वा उडवला. आपल्याकडील वाचक याला सहजच मवाळ-जहाल वाद म्हणतील, पण तो शिक्का पुरता बसत नाही, कारण मतभेद पद्धतीपुरते नव्हते. कोणत्या वर्गाच्या जोरावर राजकारण करायचे, हा त्यातला खरा प्रश्न होता.

या पक्षाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. राष्ट्र आणि स्वातंत्र्य यांत निवड करण्याची वेळ आली की तो बहुधा राष्ट्राकडे झुकला. प्राचीन म्हणून मिरवलेली काही चेक हस्तलिखिते बनावट असल्याचे 1886 मध्ये प्राध्यापक टोमाश मासारिक (पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) आणि त्यांचे सहकारी दाखवू लागले, तेव्हा त्यांच्यावर सर्वांत जहरी हल्ला ‘नारोद्नी लिस्ती’नेच चढवला. 1899 मध्ये एका खून खटल्यात लेओपोल्ड हिल्सनर या ज्यू तरुणाविरुद्ध, ज्यू लोक धार्मिक विधीसाठी ख्रिश्चनांचे रक्त सांडतात, ही जुनी अंधश्रद्धा वापरली गेली. तिला विरोध केला म्हणून मासारिकांना त्यांच्याच विद्यार्थ्यांचा संताप सोसावा लागला. मासारिक काही काळ तरुण चेकांचे खासदार होते. त्यांनी 1900 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, पण तो शेवटपर्यंत मूठभरांचाच राहिला.

तरीही पक्षाच्या श्रेयाच्या बाजू झाकून चालणार नाही. सार्वत्रिक मताधिकाराचे विधेयक 1893 मध्ये व्हिएन्नाच्या संसदेत मांडणारे यान स्लावीक तरुण चेकच होते. 1912 मध्ये लेखिका बोझेना विकोवा-कुन्येतिट्स्का बोहेमिया या चेक प्रांताच्या विधानसभेवर निवडून आल्या, त्याही तरुण चेकांच्या उमेदवार म्हणून. स्त्रियांना सर्वसाधारण मताधिकार नसलेल्या त्या काळात ही घटना फार मोठी होती. पण गव्हर्नरने त्यांना सभागृहात बसू दिले नाही. दैवयोग असा की स्लावीकांनी मागितलेला मताधिकार पुरुषांपुरता का होईना प्रत्यक्षात आला आणि 1907 मध्ये त्याप्रमाणे पहिली निवडणूक झाली, तेव्हा मते शेतकरी पक्षाकडे आणि समाजवादी लोकशाहीवाद्यांकडे गेली, आणि तरुण चेक मागे पडले.

1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया हे स्वतंत्र राज्य मिळाले आणि राष्ट्रहक्कांची मागणी हा पक्षाचा दुसरा आधारही संपला. त्याचे वारसदार राष्ट्रीय लोकशाहीवादी झाले, त्यांचे नेते कारेल क्रामार्झ पहिले पंतप्रधान आणि आलोइस राशीन अर्थमंत्री. राशीन यांनी 1919 मध्ये सीमा बंद करून जुन्या ऑस्ट्रियन नोटांवर तिकिटे चिकटवून त्या नव्या राज्याचे वेगळे चलन म्हणून चालवण्याची मोहीम राबवली आणि शेजारी देशांत महागाई भडकलेली असताना चेकोस्लोव्हाक चलन सावरले. हे काम आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे असे आहे. जानेवारी 1923 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांचा अंत झाला. पुढे हा पक्ष उजव्या राष्ट्रवादाकडे सरकत गेला, आणि उदारमतवादाची जपणूक एदुआर्द बेनेश यांच्या चेकोस्लोव्हाक राष्ट्रीय समाजवादी पक्षाकडे अधिक आली. नावावरून गैरसमज होऊ नये: हिटलरच्या पक्षाशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता, तो जर्मनीतील पक्षाच्या कितीतरी आधीचा होता.

1945 नंतर राष्ट्रीय लोकशाहीवाद्यांना पुन्हा उभे राहू दिले गेले नाही. 1946 मध्ये चेक भागात कम्युनिस्टांखालोखाल मते राष्ट्रीय समाजवाद्यांना मिळाली. त्याच पक्षाच्या खासदार मिलादा होराकोवा यांनी 1948 च्या कम्युनिस्ट सत्ताग्रहणानंतर पद सोडले आणि बनावट खटल्यानंतर 27 जून 1950 रोजी प्रागच्या पान्क्रात्स तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. सत्ताधाऱ्यांनी जे संपवले, ते मुळात तेथे होते म्हणूनच संपवावे लागले.

1989 नंतर नागरी मंचातून, म्हणजे कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्यापक आघाडीतून, जे पक्ष निघाले, त्यांत यिर्झी दीन्स्तबीर आणि पेत्र पिटहार्ट यांची नागरी चळवळ या परंपरेला सर्वांत जवळची होती. 1992 च्या निवडणुकीत पाच टक्क्यांची अट तिला थोडक्यात गाठता आली नाही. परिणामी चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाच्या वाटाघाटी चालू असताना चेक बाजूला त्या गटाचा एकही प्रतिनिधी संसदेत नव्हता. आपल्या लेखकांनी या विषयावर पुन्हा लिहिले, तर हावलीचेक आणि होराकोवा या दोन नावांना त्यात जागा द्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला एक वाचक,
पुणे